मदत हवी आहे: बाबा रात्री अडीचला उठून दिवस सुरू करतात

रामबागकर
कुणाच्या घरी असं झालंय का? लवकर सांगा, आज रात्री पुन्हा तेच होणार. बाबा रोज अडीचला उठतात ते थेट स्वयंपाकघरात. ट्यूबलाइट लावायची, खलबत्त्यात आलं ठेचायचं, चहा-बिस्किटं, मग आंघोळ आणि खड्या आवाजात विष्णुसहस्रनाम. संध्याकाळी सातला मात्र ताटावरच पेंगतात. आईची झोप पार गेलीय, दिवसभर तिचे हात थरथरतात. मुलीची दहावी आहे, मला सकाळी ऑफिस. झोपेची गोळी सुरू करू का?

शेवपरमल
वय किती? कधीपासून चाललंय? दुपारी झोपतात का? बाकी गोळ्या कुठल्या? काहीच सांगितलं नाही तर कोण काय सांगणार? आणि म्हातारपणी झोपेच्या गोळीनं तोल जाऊन पडायची भीती असते, मनाने सुरू करू नका.

अरुणोदय
गोळी नकोच. सकाळचं कोवळं ऊन, अर्धा तास. मी रात्री दोनपर्यंत टक्क जागा असायचो, आता अकराला डोळे मिटतात. बाबांना सहाला गच्चीवर न्या, पंधरा दिवसांत फरक पडेल.

नीरजा_प
अरुणोदय, तुमचं दुखणं यांच्या अगदी उलट होतं. मेंदूत, दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या जरा वर, सुमारे 20,000 पेशींचा पुंजका असतो. शरीराचं मुख्य घड्याळ ते, आणि त्याला वेळ कळते डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावरून. सकाळचा उजेड झोपेची वेळ लवकर आणतो, संध्याकाळचा ती लांबवतो. वयानं बाबांची झोप आधीच लवकर सरकलीय. त्यात अडीचची ती ट्यूबलाइट म्हणजे त्यांच्या घड्याळाला पहाटच. त्यांना ऊन हवं ते संध्याकाळी चार ते सहा.

अरुणोदय
सकाळच्या उन्हाला पर्याय नाही. नोबेलसुद्धा याच संशोधनाला मिळालंय.

नीरजा_प
2017चं नोबेल हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना मिळालं ते पेशीतलं घड्याळ कसं चालतं, यासाठी. फळमाशीत एक प्रथिन रात्री साठतं, साठलं की स्वतःच्याच जनुकाला थांबवतं, मग हळूहळू विरतं, अशी रोजची फेरी. ऊन कुणी कधी घ्यावं हा विषयच त्यात नव्हता. कृपा करून त्यांना सहाला गच्चीवर पाठवू नका.

मालवी_मिरची
माझ्या मामांचं इंदूरच्या सराफ्यात, रात्रीच्या खाऊगल्लीत दुकान आहे, तीस वर्षं रात्री दोनला आवरतात. झोप लागते, पण पोट कायम बिघडलेलं. यकृताला, आतड्यांनाही आपापली घड्याळं असतात आणि ती जेवणाच्या वेळेवर चालतात म्हणे. ताई, ती अडीचची बिस्किटं आधी बंद करा. आता मामांना गराडूसुद्धा (तळलेला कंद) पचत नाहीत हो, थंडीत फार वाईट वाटतं.

चंद्रकोर_इंदूर
मुलीची दहावी आहे म्हणून लिहिते. तिला आजोबांबरोबर पहाटे अभ्यासाला उठवू नका. या वयात घड्याळ उशिरा धावतं, आळस नसतो तो. आम्ही मोठ्याला वर्षभर चारला उठवलं, पोर वहीवर डोकं टेकून झोपायचं आणि बोलणी खायचं. अजून मनाला लागून आहे.

रामबागकर
मुलीचं ठीक आहे हो, बाबांचं सांगा! वय 76. पावसाळ्यापासून चाललंय, गुडघा धरला तेव्हापासून. आधी रोज संध्याकाळी राजवाड्यापर्यंत चालत जायचे, आता दिवसभर मधल्या खोलीत. जुनं घर आहे, तिथे दुपारीसुद्धा दिवा लावावा लागतो. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, दिवाळीनंतर करायचाय. गोळ्या नेहमीच्याच, बीपीची आणि पाण्याची, रात्री जेवण झाल्यावर. डोकं शाबूत आहे, रोज शब्दकोडं सोडवतात. पण हे सगळं कशाला लागतं?

शेवपरमल
अहो, यातच तर सगळं आहे! पाण्याची गोळी रात्री? तिने लघवी जास्त होते. अडीचला आधी लघवीला उठतात का, ते बघा. गोळीची वेळ बदलता येईल का, हे लिहून देणाऱ्या डॉक्टरांनाच विचारा, आपल्या मनाने काही करू नका.

नीरजा_प
आणि मोतीबिंदूही. भिंग पिवळट झालं की निळसर उजेड अडतो, आणि घड्याळाला मुख्यतः तोच लागतो. त्यात मधली खोली. ढगाळ दिवशीसुद्धा अंगणात हजारो लक्स (उजेडाचं माप) उजेड असतो, घरातल्या दिव्याखाली शे-दोनशे. राजवाड्याची ती फेरी म्हणजे त्यांचं औषधच होतं, ते सुटलं. संध्याकाळी बाहेर बसवा, सातला एकटं सोडू नका, गप्पा मारा. रात्री उठलेच तर मंद पिवळा दिवा पुरे.

रामबागकर
आईला विचारलं. आधी बाथरूमलाच जातात म्हणे, मग झोप येत नाही म्हणून चहा. तिने हे मला कधी सांगितलंच नव्हतं. उद्या डॉक्टरांना फोन करते. पण बाहेर ओट्यावर जायला तीन पायऱ्या आहेत आणि धरायला काही नाही. रामबागेच्या आसपास लोखंडी कठडा बसवून देणारं कुणी माहीत आहे का? या आठवड्यात हवाय.