हायड्रेंजियाला पानंच येतात, फूल नाही

नमस्कार मंडळी,
आमच्या दर्शनी खिडकीखाली निळ्या गोल गुच्छांची हायड्रेंजिया आहे. दर वसंतात बुडापासून फुटते, पानं तळहाताएवढी होतात, पण फुलाचा पत्ता नाही. खतही घालून झालं. जागा जेमतेम ३ फुटांची, सकाळचं ऊन भरपूर. मिनेसोटाच्या थंडीत टिकणारी आटोपशीर जात कोणी लावली आहे का?
– ईगनहून

---

ताई, नमस्कार.
तुमची निगा कमी पडलेली नाही, झाड या हवेचं नाही. ही मॅक्रोफिला, हायड्रेंजियाचा एक प्रकार. बहुतेक मॅक्रोफिलांच्या कळ्या आदल्या उन्हाळ्याच्या शेवटी फांदीवर धरतात आणि आपल्या उणे २५-३०च्या थंडीत जळतात. मुळं तेवढी वाचतात, म्हणून बुडातून पानं येतात. मे महिन्यात एखादी जुनी काडी नखाने खरवडून बघा, आत हिरवं दिसलं नाही तर ती गेलेली. खताने कळी परत येत नाही. नायट्रोजन जास्त झाला तर पाला तेवढा माजतो.

तुम्ही हायड्रेंजियाचा दुसरा प्रकार, पॅनिक्युलाटाच लावा. ती त्याच वर्षीच्या नव्या फुटीवर फुलते, त्यामुळे हिवाळा कितीही कडक गेला तरी बहर बुडत नाही. थंडीनुसार पाडलेल्या पट्ट्यांपैकी झोन ३ पर्यंत, म्हणजे आपल्याहूनही गार भागात टिकते. त्यातही ‘बोबो’ घ्या, बेल्जियममध्ये तयार झालेली, अडीच-तीन फुटांवर थांबणारी. ‘लिटल लाइम’ही सुरेख, पण ५ फुटांपर्यंत जाते, तुमची खिडकी झाकेल. जुलैत बोबोला पांढरे निमुळते तुरे असे लगडतात की खालची फांदी दिसत नाही. रात्री गार व्हायला लागल्या की त्यांवर गुलाबी चढतो. निळा रंग मात्र सोडून द्यावा लागेल. आम्लधर्मी माती आणि ॲल्युमिनियमचा तो परिणाम पॅनिक्युलाटावर होत नाही.

पहिल्या उन्हाळ्यात पाण्याची हयगय नको, मुळं उथळ असतात. बुंध्यापासून थोडं अंतर सोडून लाकडी चिप्सचा २-३ इंच थर द्या. छाटणी मार्चअखेर, डोळे फुटायच्या आत, फार तर एक तृतीयांश. सुकलेले तुरे तोवर राहू द्या, बर्फात छान दिसतात.
– प्लिमथहून

---

दादांनी सगळं सांगितलंच आहे, फक्त सशांचं राहिलं. हिवाळ्यात ते कोवळ्या काड्या कात्रीने कापल्यासारख्या तिरक्या कुरतडतात. नोव्हेंबरमध्येच भोवती कोंबडजाळी लावा, आणि चांगली ३ फूट उंच. साचलेल्या बर्फावर उभे राहून ते वरपर्यंत पोचतात.
– वुडबरीहून