एसई११ वापरणारे म्हणजे चेकने वीजबिल भरणारे?

वाकडचा_वाकडा: परवा इथे एकाने ठोकून दिलं, 'सॅप या जर्मन कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये डेटाच्या टेबलाची व्याख्या अजून एसई११च्या जुन्या पडद्यावर बदलणारे म्हणजे चेकने वीजबिल भरणारे. एक्लिप्समधल्या एडीटी या एडिटरात कोडसारखी टाइप करा, दोन मिनिटांत मोकळे.' दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही. दीडशे फील्डचं टेबल एसई११मध्ये उघडलं की डेटा एलिमेंट (फील्डचा तयार प्रकार), लांबी, वर्णन सगळं एका ओळीत समोर. एक्लिप्समध्ये नुसती नावं. लांबी बघायची तर एकेकावर एफ२ दाबत बसा. त्यात नवी पोरं डेटा एलिमेंट शोधायचा आळस करतात आणि सरळ कॅर १८, म्हणजे १८ अक्षरं, लिहून मोकळी होतात. सॅपच्या नव्या एस/४हानात मॅटनर, म्हणजे मटेरियल नंबर, १८चा ४० झाला, तेव्हा १८वरच अडकलेली अशी फील्डं कुणी निस्तरली? आम्ही.

पौडफाटा: एफ२ दाबून बोट दुखतं का काका? एसई११मध्येही प्रीडिफाइन्ड टाइपचं, म्हणजे थेट प्रकार-लांबी लिहायचं, बटण आहेच की. ते कॅर १८ तुमच्याच पिढीने पेरलेत, एडीटी तेव्हा जन्मालाही आलं नव्हतं. पंधरा फील्डं एका स्ट्रक्चरमधून दुसऱ्यात न्यायची तर मी कॉपी-पेस्ट करतो. आणि सॅपच्या क्लाउडवर, बीटीपीवर, एसई११ नाहीच, तिथे काय उपोषणाला बसणार?

तिसरा_प्रहर: एडिटर कुठलाही घ्या हो, खरा छळ नावांचा. लिफनर (पुरवठादाराचा क्रमांक), कुननर (ग्राहकाचा क्रमांक), बुकर्स! बुकर्सचा हिशेबाच्या वह्यांशी संबंध असेल असं मला पहिले सहा महिने वाटायचं. निघालं कंपनी कोड, जर्मन बुखुंग्सक्राइसचं लघुरूप.

पौडफाटा: जर्मन परवडलं. एका साखर कारखान्याच्या कामात सॅपच्या टेबलाला जोडलेलं अपेंड स्ट्रक्चर उघडलं तर झेडझेड_टोळी, झेडझेड_मुकादम, झेडझेड_खेप. सपोर्टला आलेला चेन्नईचा मुलगा रोज विचारायचा, टोळी म्हणजे काय?

उसाचं_चिपाड: ती नावं मी दिलेली नाहीत, पण देणाऱ्याला माझा नमस्कार. ऊसतोडीच्या टोळीला काय लिहायचं होतं, गँग? चिठ्ठीवर शेतकी विभाग जे लिहितो तेच फील्डला. जर्मनांनी त्यांच्या भाषेत दिली तर ती परंपरा, आपण दिली की गावठीपणा?

पौडफाटा: जर्मनांचं सॉफ्टवेअर १९७२पासून जर्मन माणसं लिहीत होती. तुमचं टेबल चेन्नईचा मुलगा चालवतोय. मराठी बाणा पडद्यावरच्या लेबलात दाखवा ना! छोटं १० अक्षरांचं, मधलं २०, मोठं ४०, हवं तेवढं मराठी मावतं.

उसाचं_चिपाड: लेबल इंग्रजी लॉगिनमध्ये मराठी दिसलं तर पुन्हा तुम्हीच बोंबलणार. आणि 'मराठी बाणा' हा टोमणा आवरा. माझे वडील स्लिपबॉय होते, ऊसतोडीच्या चिठ्ठ्या लिहायचे, टोळी काय असते ते मला गुगल करावं लागत नाही.

वाकडचा_वाकडा: अरे, विषय एसई११चा आहे! उसाचा धागा वेगळा काढा.

रात्रपाळी: विषयावर बोलतो. चाचणीचा क्वालिटी सर्व्हर, रात्रीचे अकरा. झेड टेबलातलं, म्हणजे आम्हीच बनवलेल्या टेबलातलं, एक फील्ड ४०चं ३० केलं. ॲक्टिव्हेट होईना, म्हणे टेबल कन्व्हर्ट करा. गेलो एसई१४मध्ये, कन्व्हर्ट करायच्या पडद्यावर. 'सेव्ह डेटा' आणि 'डिलीट डेटा' एकाखाली एक, आणि मी झोपेत. यूएटीसाठी, म्हणजे क्लायंटच्या चाचणीसाठी, महिनाभर भरलेला मास्टर डेटा साफ. सकाळी क्लायंटने विचारलं तेव्हा मी चक्क 'नेटवर्क' म्हणालो. व्याख्या एक्लिप्समध्ये बदलली होती, काका. एसई११मध्ये बदलली असती तरी याच दारात आलो असतो.

वाकडचा_वाकडा: बरं, कॉपी-पेस्टचा मुद्दा दिला. आवृत्त्या शेजारी लावून काय बदललं ते बघणंही एडीटीत सोपं, तेही दिलं. आता ओवाळू का एक्लिप्सला? ते उघडेपर्यंत निरांजन विझेल.

पौडफाटा: रॅम वाढवा.

तिसरा_प्रहर: चेन्नईच्या मुलाचं काय झालं शेवटी?

पौडफाटा: आता तो मुकादमाची उचल, टोळीची खेप, सगळं फाडफाड बोलतो. बुकर्स मात्र अजून मलाच विचारतो.

उसाचं_चिपाड: बघा.