डूडल कुत्रा तासू नका, आधी कंगवा चालवा
"जळगाव-भुसावळच्या उन्हाळ्यात डूडल सरळ तासूनच टाका" हा इथे कुणी दिलेला सल्ला पटत नाही. डूडल म्हणजे पूडलच्या संकरातला कुत्रा. कातडी उघडी पडली की ऊन थेट भाजतं. केस कापायच्या मशीनला २५ मिमीचा गार्ड (केस तेवढ्या लांबीचे ठेवणारा कंगव्यासारखा जोड) लावून केस वाढतात त्याच दिशेने मशीन फिरवा, झुपकेदारपणा टिकतो.

पण त्याआधीचं काम कुणी लिहिलं नाही, आणि खरं महत्त्व त्यालाच आहे. अंघोळीपूर्वी केसांचे थर बाजूला सारत स्लिकर ब्रश (बारीक वाकड्या तारांचा), मग धातूचा कंगवा अगदी कातडीपर्यंत. कंगवा अडला तर गार्डही अडणारच. गुंता भिजला की आवळतो, मग भादरण्याशिवाय इलाज नाही. कानामागे, काखेत, पट्ट्याखाली नीट बघा. शेतात फिरत असेल तर बोटांमधली कुसळं रोज काढा, ती कातडीत घुसतात. तोंडाभोवती थिनिंग कात्रीच (दातेरी, केस विरळ करणारी) वापरा. साध्या कात्रीच्या पायऱ्या दिसतात.