एमस्टॅटसाठी क्लास लावावाच लागतो का?
एमस्टॅट म्हणजे आयएसआयची (भारतीय सांख्यिकी संस्थेची) संख्याशास्त्रातली पदव्युत्तर पदवी. ‘आयएसआयला क्लासशिवाय पर्याय नाही, त्यापेक्षा पुण्यातच एमएस्सी कर’ असं सांगतात, ते मला निम्मंच पटतं. पुण्याबद्दल तक्रार नाही, पण क्लासचं काय? एमस्टॅटच्या प्रवेश परीक्षेच्या दुसऱ्या पेपरात पायऱ्या लिहून दाखवाव्या लागतात, तिथे पाठ केलेली सूत्रं फारशी उपयोगी पडत नाहीत. एक गणित बघ: काठी कुठेही दोन ठिकाणी तोडली, तर तीन तुकड्यांचा त्रिकोण होण्याची संभाव्यता किती? उत्तर १/४. ते का, हे आकृती काढून कळायला माझी अख्खी संध्याकाळ गेली होती! जॅमचा (आयआयटींच्या एमएस्सीच्या प्रवेश परीक्षेचा) संख्याशास्त्राचा पेपरही दे, मुंबई-कानपूर आयआयटीतल्या संख्याशास्त्राच्या एमएस्सीसाठी तोच लागतो. आणि लिनिअर अल्जेब्रा, म्हणजे मॅट्रिक्स-व्हेक्टरचं गणित, आधी पक्कं कर. मी टाळलं आणि पहिल्याच सत्रात रिग्रेशनच्या (एका राशीवरून दुसरीचा अंदाज बांधण्याच्या पद्धतीच्या) मॅट्रिक्सनी घाम फोडला.