मदत हवी आहे: अंगणवाडी सेविकेच्या ग्रॅच्युइटीचा अर्ज कुठे करायचा?

नमस्कार. माझी आई अंगणवाडी सेविका होती, वयोमर्यादेमुळे नुकतीच निवृत्त झाली. १९९४ ची नेमणूक. कागदोपत्री 'मानसेवी', म्हणून पगार नाही, मानधन. प्रत्यक्षात सकाळी मुलांची वजनं, खिचडी, दुपारी गृहभेटी, लसीकरणाच्या दिवशी नर्सताईंबरोबर घरोघर, आणि रात्री जेवणं झाल्यावर मोबाइलवर पोषण ट्रॅकर या सरकारी अ‍ॅपमध्ये माहिती भरणं. रेंज मिळावी म्हणून गच्चीवर जाऊन! याला अर्धवेळ काम कोण म्हणेल?

२५ एप्रिल २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने गुजरातच्या प्रकरणात निकाल दिला की अंगणवाडी सेविका आणि मदतनिसांना १९७२ चा ग्रॅच्युइटी कायदा लागू होतो. आम्ही तो निकाल छापून प्रकल्प कार्यालयात नेला. तिथल्या बाबूंनी 'वरून आदेश नाही' म्हणत कागद परत दिला, पोचसुद्धा दिली नाही.

इथे कुणी महाराष्ट्रात असा अर्ज केला आहे का? नमुना 'आय' (ग्रॅच्युइटी मागणीचा अर्ज) बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांच्या नावे द्यायचा की जिल्हा परिषदेच्या? दाद लागली नाही तर कामगार कार्यालयातल्या नियंत्रक प्राधिकाऱ्याकडे (ग्रॅच्युइटीच्या तक्रारींवर निर्णय देणाऱ्या अधिकाऱ्याकडे) थेट जाता येतं का? आणि हिशेबात केंद्र व राज्य दोघांचं मानधन धरतात का?

नेमणुकीचा आदेश आहे, पण पहिल्या काही वर्षांची हजेरीपत्रकं नाहीत. त्यावाचून अडेल का? युनियनमधल्या कुणा ताईंनी हे केलं असेल तर कृपया सांगा. अर्जाचा मसुदा मिळाला तर फारच बरं.