मदत हवी आहे : एकाच पीएक्सई (नेटवर्कवरून यंत्र सुरू करण्याच्या) मेनूतून उबुंटू २४.०४ आणि विंडोज ११ बसवताना येणाऱ्या दोन अडचणी

नमस्कार.

आमच्या महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेत दोन प्रकारची यंत्रे आहेत : बायोसवर (यंत्र सुरू करणाऱ्या जुन्या प्रणालीवर) चालणारी ४ जीबी रॅमची जुनी यंत्रे आणि युईएफआय (तिची नवी जागा घेणारी प्रणाली) असलेली ८ जीबी रॅमची नवी यंत्रे. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि जुन्या यंत्रांत विंडोज ११ ला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप नाही, त्यामुळे जुन्यांवर फक्त लिनक्स आणि नव्यांवर विंडोज ११ व लिनक्स दोन्ही, असे ठरले आहे. सत्र सुरू होण्याआधी पेनड्राइव्ह घेऊन प्रत्येक यंत्रापाशी जाण्यात फार वेळ जातो आणि तोवर विद्यार्थ्यांची प्रात्यक्षिके खोळंबतात. म्हणून नेटवर्क बूटचा एकच मेनू सर्व यंत्रांवर यावा, अशी मनापासून इच्छा आहे.

राउटर इंटरनेट पुरवठादाराने दिलेला असून त्याच्या डीएचसीपीमध्ये (यंत्रांना आयपी पत्ते देणाऱ्या सेवेत) बूट सर्व्हर आणि बूट फाइल सांगणारे ६६ आणि ६७ हे ऑप्शन भरण्याची सोय नाही. त्यामुळे एका डेबियन (लिनक्सचाच एक प्रकार) सर्व्हरवर डीएनएसमास्क हा प्रोग्राम प्रॉक्सी डीएचसीपी, म्हणजे राउटरच्या जोडीला चालणारी पूरक सेवा, म्हणून चालवला आहे. आयपी पत्ता राउटरच देतो, बूट फाइल कोणती घ्यायची तेवढे डीएनएसमास्क सांगतो. यंत्र ऑप्शन ९३ मधून आपले आर्किटेक्चर कळवते, त्यात ० आल्यास बायोसची आणि ७ आल्यास ६४ बिट युईएफआयची आयपीएक्सई (नेटवर्कवरून बूट करणारा छोटा प्रोग्राम) ही फाइल टीएफटीपी या साध्या फाइल-पाठवणी पद्धतीने दिली जाते. आयपीएक्सई सुरू झाल्यावर पुन्हा डीएचसीपीला विचारते. तेव्हा तीच फाइल परत मिळून यंत्र गोल गोल फिरत राहू नये, म्हणून विनंतीसोबत येणाऱ्या युजर क्लास या ओळखचिन्हावरून तिला ओळखून थेट एचटीटीपीवरचा मेनू दिला आहे. सिक्युअर बूट (फक्त स्वाक्षरी असलेले प्रोग्राम सुरू होऊ देणारी सोय) सध्या बंद ठेवले आहे, कारण आमच्याकडील आयपीएक्सईवर स्वाक्षरी नाही. या मेनूतून डेबियन दोन्ही प्रकारच्या यंत्रांवर विनातक्रार बसते, त्यामुळे केबल, स्विच आणि मेनू यांत दोष नसावा असे मला वाटते.

पहिली अडचण उबुंटू २४.०४ डेस्कटॉपची आहे. कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) सूचना देणाऱ्या ओळीत आयएसओचा, म्हणजे इन्स्टॉलेशन डिस्कच्या प्रतिमा-फाइलचा, एचटीटीपी पत्ता दिला आहे. जुन्या यंत्रांवर डाउनलोड सुरू होते, टक्केवारी सरकत राहते आणि मध्येच ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ असा संदेश येऊन सगळे थांबते. हार्ड डिस्क पूर्ण रिकामी असूनही असे होते.

दुसरी अडचण विंडोजची. विमबूट (आयपीएक्सईतून विंडोजचा सेटअप सुरू करणारा प्रोग्राम) वापरून विंडोजच्या आयएसओमधील बूट डॉट विम ही सेटअप सुरू करणारी फाइल चढते, सेटअपची खिडकी येते, परंतु पुढे गेल्यावर मीडिया ड्रायव्हर सापडत नाही असे सांगितले जाते. शिफ्ट आणि एफ१० दाबून नेटवर्कची माहिती दाखवणारी आयपीकॉन्फिग ही आज्ञा चालवली, तर एकही नेटवर्क कार्ड दिसत नाही. ज्या कार्डावरून ही फाइल आत्ताच आली, ते कार्ड विंडोजला का दिसू नये, हे समजत नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद :

आपली मूळ मांडणी योग्य आहे, ती बदलू नये. उबुंटूच्या बाबतीत संदेशातील ‘डिव्हाइस’ म्हणजे हार्ड डिस्क नव्हे. या पद्धतीत संपूर्ण आयएसओ आधी रॅममध्ये उतरते, आणि २४.०४ डेस्कटॉपची आयएसओ सुमारे ६ जीबीची आहे. ४ जीबी रॅममध्ये ती मावणे शक्यच नाही. आयएसओ सर्व्हरवर उघडून तिचा फोल्डर एनएफएसने (नेटवर्कवर फोल्डर वाटून देण्याच्या पद्धतीने) फक्त वाचण्यासाठी खुला करावा आणि कर्नलच्या ओळीत आयएसओच्या पत्त्याऐवजी नेटबूटची किंमत एनएफएस ठेवून एनएफएसरूटमध्ये त्या फोल्डरचा मार्ग द्यावा. मग लागेल तेवढाच भाग नेटवर्कवरून वाचला जातो. ‘टूरॅम’ (सगळे रॅममध्ये उतरवण्याची सूचना) हा शब्द ओळीत असल्यास तो अवश्य काढावा, अन्यथा पुन्हा तेच होईल.

विंडोजचा तो संदेश दिशाभूल करणारा आहे. सेटअपला इन्स्टॉल डॉट विम ही प्रत्यक्ष विंडोज असलेली मोठी फाइल सापडत नाही, कारण आपण फक्त बूट डॉट विम पाठवली आहे. कार्डाबद्दल म्हणाल, तर फाइल आणली ती आयपीएक्सईने. विंडोजचा कर्नल एकदा सुरू झाला की आयपीएक्सईचे काम संपते आणि पुढे विंडोजला स्वतःचा ड्रायव्हर लागतो. कार्ड बनवणाऱ्या कंपनीचा ड्रायव्हर डिझम या विंडोजच्या साधनाने बूट डॉट विममध्ये घालावा, आणि तो तिच्यातील दुसऱ्या इंडेक्समध्येच (प्रतिमेतच) घालावा, कारण सेटअप त्यातून सुरू होते. पहिल्यात घालून उपयोग होत नाही.

त्यानंतर आयएसओमधील सर्व फायली साम्बा शेअरवर (लिनक्स सर्व्हरवरून विंडोजला दिसणाऱ्या सामायिक फोल्डरमध्ये) ठेवाव्यात. आयपीएक्सईच्या मेनूत विमबूटला जोडून दिलेल्या जादा फायली यंत्रावर सिस्टम३२ फोल्डरमध्ये दिसतात. त्यामुळे सुरुवातीला काय चालवायचे ते सांगणारी विनपीईशेलची आयएनआय फाइल आणि एक छोटी बॅच फाइल तेथूनच पाठवता येते. बॅच फाइलने आधी डब्ल्यूपीईइनिट ही आज्ञा चालवून नेटवर्क उभे करावे, मग नेट यूज या आज्ञेने शेअर जोडावा आणि शेवटी शेअरवरील सेटअप सुरू करावे. शेअरला गेस्ट प्रवेश मात्र ठेवू नये. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून एसएमबी सायनिंग (शेअरशी होणाऱ्या देवाणघेवाणीवर स्वाक्षरी) मूळ सेटिंगमध्येच सक्तीचे झाले असून गेस्टने ते पूर्ण होत नाही, म्हणून साम्बावर फक्त वाचण्याचा अधिकार असलेला, पासवर्डसह वेगळा वापरकर्ता तयार करावा.

सिक्युअर बूट इन्स्टॉलेशनपुरते बंद ठेवण्यास हरकत नाही. विंडोज ११ ला यंत्रात ती सोय असणे पुरते, त्या क्षणी ती चालू असावी अशी अट नाही. विंडोज बसल्यावर ते पुन्हा चालू करावे.