धाप, अंधारी, भोवळ: एकच की वेगवेगळे?

प्रश्न: बाबांचं हृदय कमजोर आहे आणि सीओपीडीही (श्वासाचा त्रास देणारा फुप्फुसांचा जुनाट आजार) आहे. परवा जिन्याच्या दुसऱ्या वळणावर कठडा धरून थांबले. मी विचारलं, "धाप लागली का?" तर म्हणाले, "धाप तर आहेच गं, पण अंधारी येतेय." डॉक्टरांना मी "चक्कर येते" असं सांगितलं, तर सगळे प्रश्न कानाबद्दलच आले. नेमका शब्द कोणता?

उत्तर: ताई, बाबांचाच शब्द नेमका आहे. तो बदलू नका. 'चक्कर' फार पसरट शब्द आहे. घर फिरल्यासारखं वाटलं (हे बरेचदा कानामुळे) तरी चक्कर, उपाशीपोटी गळून गेलं तरी चक्कर! 'भोवळ' आणि 'भोवरा' ही भावंडं, दोन्हींत फिरणं आहे. 'घेरी'तही घेर आहेच. 'अंधारी'त मात्र काही फिरत नाही, नजरेपुढे काळोख दाटतो. डोक्याला रक्त कमी पडलं की बरेचदा असंच होतं. 'झीट' म्हणजे शुद्धच हरपणं. 'दम' फारसीतला, अर्थ श्वास. 'दमा' त्याच घरचा.

आणखी एक उत्तर: मी फिजिओथेरपीत काम करते, म्हणून शब्दांपलीकडचं थोडं लिहिते. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण विश्रांतीतही ऑक्सिजन सुमारे २० टक्के लागतो. चालताना कमजोर हृदय रक्ताचा पुरवठा हवा तितका वाढवू शकत नाही, फुप्फुसं रक्तात पुरेसा ऑक्सिजन भरत नाहीत. त्यात हृदयाच्या दुखण्यात काहींचा श्वास गरजेपेक्षा जास्त जोरात चालतो. मग रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो आणि त्यामुळे मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात. म्हणजे धापच अंधारीला हातभार लावते! बोटावरचा ऑक्सिमीटर हे दाखवत नाही, तो बोटाच्या धमनीतल्या रक्तापुरतं बोलतो. मेंदूतल्या ऑक्सिजनचा अंदाज घ्यायला कपाळावर अवरक्त प्रकाशाचा सेन्सर लावतात, पण चालताना तो मुख्यतः संशोधनातच वापरतात. म्हणून आमच्याकडे सहा मिनिटं चालण्याच्या चाचणीत आकड्याइतकाच पेशंटचा शब्द मोलाचा. अंधारी आली की तिथेच बसवा, चार पायऱ्या राहिल्या असल्या तरी. आणि पुढच्या भेटीची वाट न पाहता डॉक्टरांना कळवा.

प्रश्नकर्ती: आभार, दोघांचेही. बाबांना पुन्हा विचारलं. म्हणाले, "आधी धाप, मग अंधारी. बसलो की अंधारी पहिली जाते, धाप मागे रेंगाळते." हे त्यांच्याच शब्दांत वहीत लिहिलंय. आज दुपारीच डॉक्टरांना फोन करते.